आकाशात गुणगुणणारा चंद्र

पतंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? जानेवारीची थंडी, संक्रांत, गच्चीवर जमलेली पोरं, बोटं कापणारा मांजा आणि ‘ओ काट’ची आरोळी. आपला पतंग हातभर रुंद. दुपारी उडवला, संध्याकाळी फाटला, तर कुणी फार वाईट वाटून घेत नाही. दुसरा आणायचा. मी आज ज्या पतंगाविषयी बोलणार आहे, तो मात्र उभ्या माणसापेक्षा मोठा असतो. तो करायला कारागिराला दोन-दोन आठवडे लागतात. त्याच्यावर वेली-फुलांची नक्षी असते. आणि मुख्य म्हणजे तो आकाशात गेल्यावर गुणगुणतो.

हा पतंग मलेशियाचा. त्याचं नाव ‘वाऊ’.

एप्रिल २०१५मध्ये एका कविसंमेलनाच्या निमित्तानं मी क्वालालंपूरला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर हातात चार दिवस होते. बरोबरचे लोक उंच इमारती आणि बाजार पाहायला गेले. मी रात्रीची बस धरली आणि सकाळी कोटा भारूला उतरलो. हे केलांतान राज्याचं राजधानीचं गाव. द्वीपकल्पीय मलेशियाच्या ईशान्य टोकाला, थायलंडच्या सरहद्दीजवळ. भातशेती, मासेमारी, बाटिकची छपाई आणि जरीकाठाचं सोंगकेत कापड यांचा हा मुलूख. इथून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर कारागिरांची घरं आणि दुकानं लागतात. रस्ता संपतो त्या किनाऱ्याचं नाव पूर्वी ‘पांताय चिंता बेराही’ होतं, म्हणजे उत्कट प्रेमाचा किनारा. राज्यकर्त्यांना ते नाव रुचलं नाही. त्यांनी ‘पांताय चाहाया बुलान’, म्हणजे चांदण्याचा किनारा, असं नवं नाव दिलं. गंमत अशी की दोन्ही नावांची आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे लोकांचं बोलणं काही बदललं नाही.

या रस्त्यावरच्या एका घराच्या ओसरीत मी पहिला वाऊ पाहिला. भिंतीला टेकवून ठेवला होता. वरच्या अंगाला दोन्ही बाजूंना निमुळते होत गेलेले रुंद पंख, मध्ये कणा आणि खाली चंद्रकोरीसारखी वळलेली शेपटी. या कोरीमुळेच त्याला ‘वाऊ बुलान’ म्हणतात. बुलान म्हणजे चंद्र. पुरा आकाराचा वाऊ बुलान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत सुमारे अडीच मीटर आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सुमारे साडेतीन मीटर भरतो. वाऊचे आणखीही प्रकार आहेत. मांजराच्या नावाचा ‘वाऊ कुचिंग’, मोराच्या नावाचा ‘वाऊ मेराक’, लाव्याच्या नावाचा ‘वाऊ पुयूह’ आणि ‘वाऊ जाला बुदी’. या बुदी शब्दापाशी मी थबकलो. हा आपला ‘बुद्धी’च. मलय भाषेत संस्कृत आणि अरबी शब्द असे जागोजागी भेटतात. रंगाला ते ‘वार्ना’ म्हणतात, भाषेला ‘बाहासा’ आणि कागदाला ‘कर्तास’. कर्तास हा अरबी ‘किर्तास’. म्हणजे वाऊचा रंग संस्कृतातून आला आणि कागद अरबीतून. बांबू तेवढा तिथल्या मातीतला.

कारागीर साठीच्या पुढचे होते. सगळे त्यांना ‘पाक चिक’ म्हणत, म्हणजे काका. मीही म्हणू लागलो. त्यांना मलयखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. त्यांचा भाचा इंग्रजी जाणणारा. पर्यटकांना फिरवून आणणं हे त्याचं काम. आमच्यामधला दुभाषा तोच.

वाऊचं काम बांबूपासून सुरू होतं. कोवळा बांबू चालत नाही. जून, चिवट, काटेरी जातीचा बांबू निवडतात. तो चिरून पाण्यात किंवा चिखलात काही दिवस बुडवून ठेवतात. त्यामुळे त्याला कीड लागत नाही. मग सुकवून, तासून कामट्या काढतात. सगळ्यात अवघड काम पंखाच्या कामटीचं. ती मधे जाड आणि दोन्ही टोकांकडे बारीक होत जायला हवी. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत आणि वजनालाही सारख्या पाहिजेत. पाक चिक कामटी बोटावर आडवी तोलून धरत. एक बाजू झुकली की त्या बाजूची तसूभर साल सुरीनं काढत आणि पुन्हा तोलत.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मीही करून पाहतो.” त्यांनी हसून सुरी दिली. मी डावी बाजू तासली, तर उजवी जड झाली. उजवी तासली, तर डावी झुकली. अर्ध्या तासात त्या कामटीची काडी झाली. पाक चिकांनी ती हातात घेतली आणि भाच्याला काहीतरी सांगितलं. भाचा हसू आवरत म्हणाला, “मामा म्हणतात, हिचा आता मासे भाजायला उपयोग होईल.”

सांगाडा झाला की कागद. खाली एक साधा कागद ताणून बसवतात आणि त्यावर रंगीत चकचकीत कागदांचे थर देतात. नक्षी काढलेली नसते, ती कापलेली असते. कागद दुमडून बारीक टोकाच्या सुरीनं वेल कापायची, म्हणजे उलगडल्यावर दोन्ही पंखांवर ती सारखीच येते. वरच्या कागदातून खालचा रंग दिसतो आणि फूल उमटतं. या नक्षीचे काही नियम आहेत. वेल कुठूनही उगवत नाही, तिला एक मूळ असतं. मधलं मोठं फूल ही सगळ्या नक्षीची आई. फांद्या तिच्यातून निघतात, वळतात आणि पुन्हा आतल्या बाजूला झुकतात. एका वेलीचं टोक दुसरीला टोचता कामा नये. मलय लाकडी कोरीवकामातही हेच पाळतात. वाढावं, पण शेजाऱ्याला बोचू नये, हा त्यामागचा विचार. मला हे फार आवडलं. आपल्याकडे इतके नियम पाळून एकमेकांशेजारी राहणं माणसांनाही जमत नाही.

आता त्याच्या आवाजाविषयी. वाऊच्या डोक्यावर एक धनुष्य बांधतात. त्याला ‘बुसुर’ म्हणतात. बांबूचं धनुष्य आणि दोरीच्या जागी ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानाची किंवा वेताची पातळ पट्टी. वाऱ्यात ती थरथरते आणि घुमल्यासारखा आवाज येतो. पूर्वी भाताची कापणी झाली, शेतं मोकळी झाली की शेतकरी वाऊ उडवत आणि रात्री तो खुंटाला बांधून तसाच आकाशात ठेवून देत. रात्रभर त्याची गुणगुण गावावर चालू असायची. पोरंबाळं त्या आवाजात झोपी जात. वारा पडला किंवा फिरला की आवाज बदलायचा, त्यावरून म्हातारी माणसं हवेचा अंदाज बांधत. थोडक्यात, तेव्हा वाऊ नुसता खेळ नव्हता. तो अंगाई होता आणि वेधशाळाही होता.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे बोलायला बसलो. दुसऱ्या दिवशी ओसरीत सात-आठ परदेशी पाहुणे आले. भाचा त्यांना घेऊन आला होता. त्यातल्या एका बाईंनी साधा प्रश्न विचारला, “याला वाऊ का म्हणतात?”

भाच्यानं सांगितलं, “पंखांचा आकार अरबी ‘वाव’ अक्षरासारखा आहे, म्हणून वाऊ.” मला आनंद झाला. लहानपणी मशिदीतल्या मक्तबात आम्ही अलिफ, बे, पे घोकत असू. तेव्हा वाव हे अक्षर मला फार आवडायचं. डोकं गोल आणि शेपूट वळलेलं. मलय भाषा अरबी लिपीत लिहितात तिला ‘जावी’ म्हणतात. त्या लिपीत वाऊ हा शब्द आणि वाव हे अक्षराचं नाव एकसारखंच लिहिलं जातं.

पण पाक चिकांनी मान हलवली. ते काहीतरी बोलले. भाचा जरा अवघडला, मग त्यानं भाषांतर केलं. “मामा म्हणतात, सरहद्दीपलीकडे थायलंडमध्येही पतंगाला ‘वाओ’ म्हणतात. शब्द तिकडचाही असेल.” पाक चिक थांबले नाहीत. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एका शेतकऱ्याला रानात एक लहान मुलगी सापडली. त्यानं तिला घरी आणलं, लेकीसारखं वाढवलं. ती आली आणि शेत असं पिकलं की कणग्या पुरेनात. शेतकऱ्याच्या बायकोला मात्र तिचा हेवा वाटू लागला. तिनं पोरीला छळून हाकलून दिलं. पोर गेली आणि पीकही गेलं. जाणत्यानं सांगितलं, ती साधी मुलगी नव्हती, ती भाताचा प्राण होती. तिच्या आठवणीसाठी एक पाखरू करून आकाशात सोड. शेतकऱ्यानं केलं, तो पहिला वाऊ.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. भाचा मात्र गप्प होता. ते गेल्यावर तो मामांशी थोड्या चढ्या आवाजात बोलला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “भाताचा प्राण वगैरे आता कशाला सांगायचं? लोक नावं ठेवतात. म्हणतात, हे आपल्या धर्मात बसत नाही.”

त्याची भीती उगाच नव्हती. केलांतानमध्ये १९९०पासून धर्माचा आग्रह धरणाऱ्या पक्षाचं सरकार आहे. त्या दशकात तिथल्या ‘माक योंग’ या जुन्या नृत्यनाट्यावर आणि छायाबाहुल्यांच्या खेळावर निर्बंध आले. कारण या कलांमध्ये इस्लामपूर्व काळातल्या देव-दानवांच्या कथा आणि पूजाविधी होते. माक योंगमधल्या ‘देवा मुदा’च्या कथेत तर राजपुत्र वाऊवर बसूनच स्वर्गातल्या राजकन्येकडे जातो. नावातला ‘देवा’ तुमच्या लक्षात आलाच असेल. पुढे २००५मध्ये युनेस्कोनं याच माक योंगला मानवजातीच्या वारशात मानाचं स्थान दिलं, तरी केलांतानमध्ये अटींसह ही बंदी उठायला २०१९ साल उजाडलं. वाऊच्या वाट्याला असं काही आलं नाही. त्याच्यावर फुलं आणि वेली, तो कुणाची पूजा मागत नाही. पण त्याच्याभोवतीच्या गोष्टी हळूहळू गाळल्या जाऊ शकतात.

मी पाक चिकांना विचारलं, “तुम्ही तिन्ही गोष्टी का सांगता? एकच सांगितली तर सोपं नाही का?” ते म्हणाले, “माझ्या आजोबांनी मला तिन्ही सांगितल्या. मी त्यातली एक कशी गाळू? मी रोज पाच वेळा नमाज पढतो. त्या गोष्टीतल्या पोरीनं माझी नमाज कधी मोडली नाही.”

मी स्वतः मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. हा पेच मला परका नाही. मराठी म्हणून काय सांगायचं आणि मुसलमान म्हणून काय, असा प्रश्न दोन्ही बाजूंनी मला आयुष्यभर विचारला गेला आहे. त्या ओसरीत बसून मला माझ्याच प्रश्नाचं उत्तर ऐकू आलं. जे वाडवडिलांकडून आलं ते सगळं पाहुण्यापुढे मांडावं. निवड पाहुण्यालाही करू द्यावी आणि आपल्या मुलांनाही.

पाहुण्यांसाठी मांडताना एक दुसराही धोका असतो. तो म्हणजे वस्तू शोभेची होऊन बसणं. वाऊ आज मलेशियाची ओळख आहे. देशाच्या राष्ट्रीय विमान कंपनीचं बोधचिन्ह वाऊवरूनच घेतलं आहे. १९८९मध्ये नवी नाणी आली, त्यातल्या ५० सेनच्या नाण्यावर वाऊ होता. २०१२पासूनच्या नाण्यांवर तो नाही, पण जुनं नाणं मला चहाच्या दुकानात सुट्ट्या पैशांत मिळालं, ते मी जपून ठेवलं आहे. हॉटेलांच्या भिंतींवर वाऊ, टी-शर्टवर वाऊ, किल्लीच्या साखळीत वाऊ. पाक चिकांच्या ओसरीतही दोन प्रकारचे वाऊ होते. एक भिंतीवर लावायचे. त्यांची नक्षी दाट, पण कामटी जाडीभरडी, कारण ते कधी उडणारच नव्हते. दुसरे उडणारे. त्यांची नक्षी विरळ, पण कामटी बोटावर तोललेली. खप पहिल्यांचा जास्त. पाक चिक म्हणाले, “भिंतीवरच्यांनी माझं घर चालतं. पण उडणारे केले नाहीत तर माझा हात मरेल.”

म्हणून त्यांनी एक शिरस्ता ठेवला होता. कार्यशाळेला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं कागद कापून चिकटवायचा, पण जाण्याआधी एकदा समुद्रावर जाऊन खरा वाऊ उडवायचा. त्याशिवाय निरोप नाही. संध्याकाळी आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. एवढा मोठा पतंग एकट्यानं उडत नाही. एकानं दूर जाऊन तो डोक्यावर धरायचा आणि दुसऱ्यानं दोरी ताणायची. पाक चिकांनी वाऊ धरला आणि दोरी माझ्या हातात दिली. वारा आला तशी त्यांनी हाक दिली. मी ओढलं. वाऊ वर चढला आणि बुसुर घुमू लागला. दोरीतून ती थरथर हातात येत होती, जणू कुणाची नाडी हातात धरली आहे. माझ्या शेजारच्या त्या प्रश्न विचारणाऱ्या बाई इतका वेळ फोटो काढत होत्या. मी त्यांच्या हातात दोरी दिली, तेव्हा त्यांचा कॅमेरा गळ्यात लोंबकळत राहिला. फोटो काढायचं त्या विसरल्या. मला वाटतं, संस्कृतीची ओळख याहून वेगळी करून देता येत नाही.

मलेशियात पतंगांचे मोठे उत्सवही होतात. जोहोर राज्यातल्या पासिर गुदांगला जागतिक पतंग महोत्सव भरत आला आहे, तिथे पतंगांचं संग्रहालयही आहे. केलांतानमध्ये तुंपातच्या किनाऱ्यावर देशोदेशीचे पतंगबाज जमत आले आहेत. तिथे वाऊच्या स्पर्धेत सौंदर्य पाहतात, उड्डाण पाहतात आणि आवाजही ऐकतात. दुसऱ्याचा पतंग कापणं हा त्या स्पर्धेचा भाग नसतो.

याचा अर्थ मलय लोकांना काटाकाटी माहीतच नव्हती असा नाही. ‘सजाराह मलायू’ या मलाक्काच्या सुलतानांच्या जुन्या बखरीत पतंगांच्या लढतीचा एक प्रसंग आहे. राजपुत्र अहमदचा पतंग भलामोठा. त्याला पाहून बाकीचे आपापले पतंग उतरवून घेत. हांग इसा पांतास नावाच्या सरदारानं लहानसा पतंग चढवला, पण दोरीला काच लावलेली होती. राजपुत्राचा पतंग कापला गेला. म्हणजे काचेचा मांजा त्यांच्याकडेही होता. पण मलेशियानं जगापुढे ठेवायला निवडला तो गुणगुणणारा वाऊ.

हे सांगताना मला आपली संक्रांत आठवते. नागपूरला, येवल्याला पतंगांचा केवढा उत्साह! पण नायलॉनच्या मांजानं या सणाला रक्ताचा डाग लावला. दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरले, पाखरं तारांवर लटकून मेली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत वर्तमानपत्रात तीच बातमी येते. परदेशी पाहुणा आपल्या गच्चीवर आला तर आपण त्याच्या हातात काय देणार आहोत, याचा विचार आपणही करायला हवा.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे मलेशियानं सरहद्दी बंद केल्या. १ एप्रिल २०२२ला त्या पुन्हा पूर्ण उघडल्या. या दोन वर्षांत भाच्याचं कामच थांबलं. त्याच्याशी माझा अधूनमधून पत्रव्यवहार होता. त्यानं एकदा कळवलं की भिंतीवरचे वाऊ तसेच पडून आहेत. पण मोकळीक मिळाली तशी संध्याकाळी गल्लीतली मुलं ओसरीत येऊ लागली आणि मामा त्यांना कामटी तोलायला शिकवू लागले. पाहुणे नव्हते म्हणून घरच्यांची आठवण झाली. पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, “मुलांनी विचारलं, वाऊ का म्हणतात? मामा बाहेर गेले होते. मीच सांगितलं. तिन्ही गोष्टी सांगितल्या.”

आपल्याकडेही मोठ्या पतंगाला ‘वावडी’ म्हणतात. अफवांना आपण ‘वावड्या’ म्हणतो, त्याही हवेवरच चढतात. वाऊ आणि वावडी यांचं नातं जोडण्याचा मोह मला झाला, पण कवीनं भाषाशास्त्रात फार लुडबुड करू नये. एक गोष्ट मात्र सांगतो. अरबीत वाव हे अक्षर शब्दाआधी लावलं की त्याचा अर्थ होतो ‘आणि’. आपण मराठीत ‘राम व श्याम’ म्हणतो, त्यातला ‘व’ तिथूनच फारसीमार्गे आला असं अभ्यासक सांगतात. रोज बोलतो, पण तो पाहुणा होता हे आपल्या ध्यानातही नसतं. केलांतानच्या किनाऱ्यावर दोरी हातात असताना मला हे आठवत होतं. वर वाऊ घुमत होता. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी आणि माझ्यामागे आपली पाळी कधी येते याची वाट पाहणारी चार देशांची माणसं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)